ही वेळ येऊ नये म्हणून

सदाशिव पेठेपासून शास्त्री रस्त्यापर्यंतच्या अभ्यासिकांमध्ये इंग्रजी शब्दांच्या याद्या हातोहात फिरत असतात. कुणाच्या वहीत, कुणाच्या मोबाइलवर पीडीएफमध्ये. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्यात मराठी अर्थ. त्यांत पाच शब्दांचं एक कुटुंब हमखास सापडतं : प्रिव्हेंट, अव्हर्ट, फोरस्टॉल, प्रिक्लूड, ऑब्व्हिएट. उजव्या रकान्यात या पाचांसमोर आलटून पालटून तीनच शब्द येतात : टाळणे, रोखणे, प्रतिबंध करणे. परीक्षेतल्या रिकाम्या जागेसाठी एवढं पुरतं. पण या तीन शब्दांवर भागवून आपण काय गमावतो, हे पाहायला हवं. कारण हेच भागवणं पुढे आपल्या कायद्यांच्या नावांत दिसतं आणि दीडशे वर्षांपूर्वीचं एक मोठं काम आपण कसं वाचतो यावरही त्याची सावली पडते.

आधी शब्द पाहू. प्रिव्हेंटचा लॅटिन मुळातला अर्थ आहे आधी येऊन ठेपणं. चारेकशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बायबलात तो 'पुढे जाणं' अशा अर्थानेही येतो, अडवण्याचा भाव त्यात नंतर पक्का झाला. अव्हर्ट म्हणजे तोंड दुसरीकडे वळवणं. फोरस्टॉल हा अस्सल बाजारातला शब्द. माल बाजारात पोचायच्या आत वाटेतच गाठून विकत घ्यायचा आणि मग चढ्या भावाने विकायचा, हा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गुन्हा होता आणि त्याला हे नाव होतं. प्रिक्लूड म्हणजे आधीच दार लावून घेणं. आणि ऑब्व्हिएट? 'ऑब' म्हणजे समोर, आड; 'व्हिया' म्हणजे वाट. वाटेत सामोरं जाणं. ऑब्व्हियस हा शब्दही याच मुळाचा : वाटेतच दिसणारं, उघड.

पण आज वापरात ऑब्व्हिएट बाकीच्या चौघांपासून वेगळा पडतो. पहिले चार एखादी गोष्ट घडू देत नाहीत. ऑब्व्हिएट त्या गोष्टीची गरजच संपवतो. पूल बांधला की होडीची गरज उरत नाही; इंग्रजीत पूल होडीला ऑब्व्हिएट करतो. होडीवर बंदी घातलेली नाही, नावाड्याला दंड नाही, काठावर पोलीस नाही. होडी लागत नाही, एवढंच.

आता मराठीत या. टाळणे आणि टळणे यांतला फरक इंग्रजीला जमणार नाही इतका नाजूक आहे. 'त्याने परीक्षा टाळली' म्हटलं की तो पळपुटा ठरतो. 'परीक्षा टळली' म्हटलं की तो सुटला. अव्हर्टचा खरा मराठी भाऊ टळणे हा आहे, आणि बातम्यांतलं 'सुदैवाने मोठा अनर्थ टळला' हे वाक्य तर इतकं झिजलंय की अनर्थ टाळणाऱ्या माणसाला त्यात जागाच उरलेली नाही. सगळं श्रेय सुदैवाला. प्रिक्लूडसाठी 'प्रश्नच उद्भवत नाही', 'वावच उरत नाही'. फोरस्टॉलसाठी 'डाव ओळखून आधीच शह देणे'. याद्यांतल्या तीन शब्दांपेक्षा आपलं बोलणं कितीतरी श्रीमंत आहे.

आणि ऑब्व्हिएट? त्यासाठी मराठीत एक शब्द नाही. आहे ती एक वाक्यरचना, आणि ती इतकी रोजची आहे की तिच्याकडे लक्ष जात नाही : वेळ येऊ न देणे.

'यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी भांडायची वेळ येत नाही.' हे ऑब्व्हिएटचं तंतोतंत मराठी आहे. 'म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून चार पैसे बाजूला ठेवले.' 'शेत विकायची वेळ आली होती, पण निभावलं.' यात कुणी कुणाला अडवत नाही, कुणी कुणाला बजावतही नाही.

या रचनेचं व्याकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 'त्याने शेत विकलं' या वाक्यात कर्ता तो. 'त्याच्यावर शेत विकायची वेळ आली' या वाक्यात कर्ता वेळ आहे आणि माणूस 'वर' या शब्दयोगी अव्ययाखाली दबलेला. वेळ त्याच्यावर येते, जसं संकट येतं, बालंट येतं. म्हणजे ही रचना वापरताना आपण माणसाकडून नजर काढून परिस्थितीकडे नेतो. आणि मग 'वेळ येऊ न देणं' म्हणजे परिस्थितीत हात घालणं. कुणी तरुण मुलगा जीव देतो तेव्हा सरकारी पत्रकात 'आत्महत्या प्रतिबंध' हा शब्द येतो. १० सप्टेंबरच्या दिवसाचं नावही मराठीत तेच. पण त्याच्या गल्लीतली माणसं दबक्या आवाजात विचारतात, 'पोरावर ही वेळ का आली?' दोन्ही वाक्यं एकाच घटनेबद्दल आहेत. पहिलं अडवण्याची व्यवस्था मागतं. दुसरं विचारतं की रखडलेली भरती, घरचे फोन, चौथा प्रयत्न, खोलीचं भाडं यातलं कुणी काय हलकं केलं असतं.

शासनाच्या मराठीने मात्र ही रचना कधी हाती घेतली नाही. तिला एकच शब्द सापडला आणि तो तिने सगळीकडे ठोकला : प्रतिबंध.

बालविवाहाचंच पाहा. १९२९चा कायदा इंग्रजीत 'रिस्ट्रेंट'चा होता, म्हणजे आवर घालण्याचा. लग्न लावणाऱ्याला शिक्षा होई, पण लागलेलं लग्न कायम राही. २००६ साली त्या जागी नवा कायदा आला आणि त्याच्या नावात मुद्दाम 'प्रोहिबिशन' हा शब्द घातला गेला, म्हणजे मनाई. आता अल्पवयात लग्न झालेल्याला ते लग्न रद्द करून मागता येतं आणि काही परिस्थितींत ते मुळातच रद्दबातल ठरतं. इंग्रजीत आवरापासून मनाईपर्यंतचा हा प्रवास नावावरूनच कळतो. मराठीत? तेव्हाही बालविवाह प्रतिबंधक, आताही बालविवाह प्रतिबंधक. गर्भलिंगनिदानाची गोष्ट हीच. १९९४च्या केंद्रीय कायद्याच्या नावात 'नियमन आणि गैरवापरास आळा' असा अर्थ होता. पुढच्या दुरुस्तीत त्या जागी लिंगनिवडीची थेट मनाई आली. मराठी बातमीत दोन्ही वेळा 'गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा'. हुंड्याची मनाई करणारा १९६१चा कायदा, तोही हुंडा प्रतिबंधक. इंग्रजीत जो नुसता 'अँटी करप्शन ब्यूरो' आहे, तो मराठीत लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. आवर, मनाई, आळा, विरोध : चार वेगळ्या क्रिया, एक शब्द.

हे का झालं, याचा अंदाज बांधता येतो. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला तेव्हा एका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांग उभी करण्याची रीत होती. कँडीसाहेब पुण्यातच संस्कृत पाठशाळेवर होते, भोवतीचं बोलणं कानावर पडत होतं. शासनाची गरज वेगळी. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं आणि मग पदनामांचे, व्यवहाराचे, परिभाषेचे कोश आले. परिभाषेला एका शब्दासमोर एकच शब्द हवा असतो, नाहीतर दोन खात्यांच्या दोन फायली एकमेकींशी बोलेनाशा होतात. त्या कोशांची टिंगल पुष्कळ झाली आहे आणि त्यातली बरीच आळशी आहे. अवघड संस्कृत शब्द हा त्यांचा दोष नाहीच. शब्द वापरून सोपे होतात. 'महापौर' कुणाला अवघड वाटतो आज? दोष इतकाच की रांगेतले इतर शब्द घरी पाठवले गेले.

एका ठिकाणी मात्र कायद्यानेच मराठीला कोंडीत पकडलं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या इंग्रजी नावात तीन शब्द शेजारी शेजारी बसलेत : प्रिव्हेन्शन, प्रोहिबिशन, रिड्रेसल. आता 'प्रतिबंध, प्रतिबंध आणि...' असं तर लिहिता येईना. म्हणून मराठीत 'प्रतिबंध, मनाई आणि निवारण'. बघा, मनाई हा शब्द होताच की! साधा, अरबीतून आलेला, 'थुंकण्यास मनाई आहे' या पाटीमुळे पोरासोरांना माहीत असलेला. बालविवाहाला किंवा हुंड्याला तो का नाही लावला?

तिसऱ्या शब्दाबद्दल जाता जाता. निवारण म्हणजे दूर करणं : संकटनिवारण, दुष्काळनिवारण. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांमध्ये लिफ्टशेजारी ज्या समितीचा कागद चिकटवलेला असतो, तिला अनेक जण 'तक्रार निवारण समिती' म्हणतात. निवारण कशाचं, छळाचं की तक्रारीचं? काही ठिकाणी समिती तक्रारीचंच निवारण करते, हे तिथे काम करणाऱ्या मुलींना विचारा. भाषेने अनवधानाने खरं सांगून टाकलंय.

पण या सगळ्यात 'वेळ येऊ न देणं' कुठे गेलं? बालविवाहाच्या बाबतीत ते बीडच्या ऊसतोड कामगारांच्या घरात शोधावं लागेल. दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघतात. मुकादमाकडून उचल घेतात ती जोडीने. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं, या प्रश्नाला लग्न हे उत्तर मिळतं, आणि लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो. गावचा ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. तो काय करणार? मांडवात पोचणार. त्याच गावात स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह नीट चालू असेल, मुलीला सहा महिने जेवण, झोपायला सुरक्षित जागा आणि शाळा मिळत असेल, तर आईबापावर ते लग्न लावायची वेळ येत नाही. एकाचं काम प्रतिबंध, दुसऱ्याचं ऑब्व्हिएट. दुसऱ्याला कायद्याच्या भाषेत नावच नाही. आणि ज्याला नाव नाही त्याचा अहवाल लिहिणं अवघड, लग्न थांबवल्याचा आकडा मात्र पत्रकार परिषदेत सांगता येतो. जे लग्न ठरलंच नाही त्याचा आकडा कुठून आणणार?

इथे मला पुण्यातल्या एका घराकडे यायचं आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरी विधवांच्या बाळंतपणासाठी जागा उघडली. मराठीत तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे : बालहत्या प्रतिबंधक गृह. शाळेच्या पुस्तकांत, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नांत, जयंतीच्या पोस्टमध्ये हेच नाव. आणि इतक्या मोठ्या कामाला इतकं चुकीचं नाव क्वचितच मिळालं असेल.

नाव पुन्हा वाचा. पहिला शब्द 'बालहत्या'. म्हणजे दारात पाऊल ठेवणारी बाई कोण? संभाव्य खुनी. 'प्रतिबंधक' म्हणजे तिचा हात धरणारं. हे नाव ऐकून एखाद्या परक्या माणसाला वाटेल की इथे पहारेकरी असतील. प्रत्यक्षात काय होतं? पुण्यात लावलेल्या पत्रकांतून विधवांना सांगितलं गेलं की गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. त्यात कुठेही बजावणी नाही. 'मर्जी' ही कल्पना १८६३ सालच्या विधवेच्या बाबतीत वापरणं हेच केवढं धाडस. सोवळं, केशवपन, एकवेळचं जेवण, माजघराच्या अंधारातली जागा, यातली एकही गोष्ट तिच्या मर्जीवर नव्हती.

फुल्यांना या कामाकडे नेणारा एक खटला होता. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा ओळखीच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडायचे प्रयत्न फसले, मूल झालं आणि बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचं काय झालं हे विचारायची सोय त्या खटल्यात नव्हती.

आता कायद्याच्या बाजूने बघा. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झालेली होती. गर्भपात, तान्ह्या मुलाला उघड्यावर टाकणं, जन्म लपवण्यासाठी मृत बाळाची विल्हेवाट लावणं, प्रत्येकाला वेगळं कलम होतं. म्हणजे प्रतिबंध पुरेपूर होता. १८५६च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभाही मिळालेली होती. तिचा उपयोग करण्याएवढं बळ किती घरांत होतं, ते वेगळं सांगायला नको. आणि १८७० साली सरकारने मुलींच्या हत्येविरुद्ध उत्तर भारतातल्या प्रांतांसाठी वेगळा कायदा केला, ज्याच्या नावातच 'प्रिव्हेन्शन' होतं. त्यात जन्मांच्या नोंदी, शिरगणती, जादा पोलीस आणि त्या पोलिसांचा खर्च संशयित समाजांकडून वसूल करण्याची तरतूद. हे प्रतिबंधाचं शुद्ध रूप : पाळत, नोंदवही, दंड.

गंज पेठेतलं घर याच्या सात वर्षं आधीचं आहे आणि त्याची रीत पूर्ण उलटी आहे. फुले दांपत्याने प्रश्न असा मांडला की बाई मूल का मारते? लाजेपोटी. लाज कुठून येते? लोकांना कळण्यातून. मग कळूच दिलं नाही तर? बाळंत व्हायला जागा, तोंड बंद ठेवणारी माणसं, मुलाची पुढची सोय. मारायची वेळच येत नाही. मराठीत याचं खरं वर्णन 'बालहत्येची वेळ येऊ न देणारं घर' असं होईल. पाटीवर लिहायला लांबलचक आहे, मान्य. पण 'प्रतिबंधक' या एका शब्दाने आपण फुल्यांना पोलीस केलं आणि त्या बायकांना आरोपी.

या वाचनाला फुल्यांच्याच लिखाणातून आधार मिळतो, आणि त्यातच या वाचनाची मर्यादाही आहे. सक्तीच्या वैधव्याबद्दल १८८४ साली बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या घराचा हिशेब दिला. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांतली ५ मुलं जगली. ३० दगावली. कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच मुलांना इजा झाली होती.

जयंतीच्या पोस्टमध्ये ३५ हा आकडा कधी कधी दिसतो, ३० क्वचितच दिसतो. मला वाटतं, तोच जास्त सांगतो. त्या बायका घराच्या दारात पोचल्या तेव्हा उशीर झालेला होता. त्यांच्यावर वेळ आली होती ती नवव्या महिन्यात नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, वैदूच्या पुडीपाशी. आणि त्याही आधी, लहानपणी लावलेल्या लग्नात आणि नवरा गेल्यावर केस काढले त्या दिवशी. फुल्यांना हे दिसत होतं, म्हणूनच तो हिशेब सक्तीच्या वैधव्याविरुद्धच्या मतात येतो. घर चालवणारा माणूस स्वतःच सांगतो की घर पुरत नाही, वेळ आणखी मागे जाऊन गाठली पाहिजे. ऑब्व्हिएटचा लॅटिन अर्थ आठवा : वाटेत सामोरं जाणं. प्रश्न नेहमी हाच उरतो की वाटेत कुठे.

आता उलट बाजू, कारण 'वेळ आली' ही रचना निरागस नाही. तिच्यात माणसावरची जबाबदारी पातळ होते. 'मुलगी नकोच म्हणायची वेळ आली हो आमच्यावर' असं सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कुणी म्हणालं, तर त्या वाक्याला सहानुभूती दाखवायचं कारण नाही. तिथे कुणावर काही आलेलं नाही. तिथे पैसे मोजून निवड केली जाते आहे. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला ते योग्य होतं, आणि पुढे केंद्रीय कायदा नियमनाकडून मनाईकडे गेला तेही योग्य. काशीबाई आणि लिंगनिवड करणारं सधन कुटुंब या दोघांना एकाच शब्दाखाली आणणं हा तर प्रतिबंध या शब्दाचा सर्वांत मोठा अन्याय. एकाला दार उघडं हवं होतं, दुसऱ्याला बंद.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांचा खून झाला आणि त्यानंतर आधी अध्यादेश, मग डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या लांबलचक मराठी नावात अघोरी प्रथांना प्रतिबंध घालणं आणि त्यांचं समूळ उच्चाटन करणं, अशा दोन क्रिया आहेत. पहिली पोलिसांनी करायची. दुसरी कुणी? दाभोलकरांच्या समितीच्या नावात 'निर्मूलन' आहे. मूळ, समूळ, निर्मूलन, हे शेतातले शब्द आहेत. तण कापणं वेगळं आणि मुळासकट उपटणं वेगळं, हे खुरपं धरलेल्या माणसाला कळतं. पण उपटलेल्या जागी काय लावायचं, हे उच्चाटन सांगत नाही. भगताकडे जायची वेळ येऊ नये म्हणून पायी जाण्याच्या अंतरावर दवाखाना लागतो आणि त्यात डॉक्टर लागतो. कायद्याच्या कलमांत ते येणार नाही, येऊही नये कदाचित. पण आपण त्याला 'विकास' वगैरे गुळगुळीत नाव देऊन दुसऱ्या खात्यात ढकलतो आणि मग दोन्ही खात्यांना एकमेकांशी काही देणंघेणं उरत नाही.

पुण्याने 'प्रतिबंध' या शब्दाचं सर्वांत कठोर रूप दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा एकाच कायद्याखाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. चार छोटी कलमं, आणि त्यांत सरकारला वाटेल ते करण्याची मुभा. त्या मुभेवर रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी पेठांमधली घरं झडतीला घेतली, माणसं वेगळी काढली, सामान जाळलं. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी तोच कायदा बाहेर काढला. इंग्रजीतला 'कंटेनमेंट झोन' मराठीत काय झाला? प्रतिबंधित क्षेत्र. कंटेनमेंट म्हणजे आतलं आत राखणं, पसरू न देणं. रोग राखायचा, माणसं नव्हेत. प्रतिबंधित म्हटल्यावर मात्र ती जागाच निषिद्ध झाली, जणू तिथल्या लोकांनी काही केलं होतं. भवानी पेठेत, कासेवाडीत गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकले गेले. घरटी एकच खोली आणि संडास सामायिक असलेल्या वस्तीला घरात राहा सांगणं, हा प्रतिबंध झाला. संसर्ग होऊ नये म्हणून जी जागा, जे पाणी, जो एका कुटुंबाचा वेगळा संडास लागतो, त्याबद्दल तो शब्द गप्प होता. निर्बंध नको होते असं माझं म्हणणं नाही. एवढंच की एका शब्दाने काम भागल्यासारखं वाटलं.

१८९७च्या त्या प्लेगमध्ये पुण्यात दुसरंही एक काम चाललं होतं. हडपसरकडच्या ससाणे मळ्यात, माळावर, गावाबाहेर एक दवाखाना उघडला होता. तिथे आणायला सोजीर पाठवलेले नव्हते. सावित्रीबाई स्वतः जाऊन आजाऱ्यांना घेऊन येत. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दवाखान्यातले डॉक्टर होते त्यांचे दत्तक पुत्र यशवंत. गंज पेठेतल्या त्या 'प्रतिबंधक' घरात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेले.